तुम्ही विचारलंत म्हणून: वॉलबी मारवते कशी?

पुण्याला सासरी गेले की दुसऱ्या-तिसऱ्या जेवणाला हा प्रश्न येतोच. “तू म्हणे तिकडे कांगारू मारून खातेस? मारवतं कसं गं तुला?” विचारणाऱ्याच्या ताटात बहुतेक वेळा मटण असतं. मी हसते, कोशिंबीर पुढे सरकवते, विषय बदलते. या खेपेला चुलतसासूबाईंनी, म्हणजे आमच्या काकूंनी, तो बदलू दिला नाही. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी प्राणी कुठला ते. कांगारू नाही, वॉलबी. कांगारूचीच धाकटी पाती. आमच्या डोंगरात आहे ती बेनेट्स वॉलबी, मोठा नर वीस किलोच्या आसपास भरतो. मी राहते न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, वायमाटे नावाच्या छोट्या गावाजवळ. वृद्धाश्रमात नर्स आहे. १८७४ मध्ये इथल्या एका जमीनदाराने टास्मानियाहून आणलेल्या तीन वॉलबी सोडल्या, एक नर आणि दोन माद्या. हौस म्हणून. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, त्यामुळे त्यांना खाणारं कुणी नव्हतं. तिनांच्या किती झाल्या ते आता कुणी मोजू शकत नाही. उत्तरेला रंगिताटा आणि दक्षिणेला वायटाकी, या दोन नद्यांच्या मध्ये त्यांना अडवायचं ठरलं होतं. त्या दोन्ही ओलांडून गेल्या. तीन वॉलबी मिळून एका मेंढीइतकं गवत फस्त करतात, हे इथला शाळकरी पोरगाही सांगेल. वर जंगलातली कोवळी रोपं खातात ती वेगळीच. २०२० मध्ये सरकारने देशभरातून त्यांचा नायनाट करायची मोहीम काढली. (मीही बाहेरूनच आलेय, ही कोटी माझ्या सगळ्या पाहुण्यांची करून झाली आहे.)

तेव्हा “मारायची परवानगी असते का?” याचं उत्तर सोपं आहे. वॉलबीसाठी परवाना लागत नाही, ज्याची जमीन त्याचा होकार लागतो. बंदुकीसाठी मात्र लागतो, आणि २०१९ च्या क्राइस्टचर्च शहरातल्या मशिदींमधल्या हत्याकांडानंतर कायदा फार कडक झाला. लेखी परीक्षा झाली, प्रात्यक्षिक झालं. मग एक जण घरी येऊन तिजोरी भिंतीला बोल्टने पक्की आहे का, ते हलवून बघून गेला. नवऱ्याला वेगळं बसवून विचारलं, घरात भांडणं होतात का? तो म्हणाला, “होतात, भांडी कुणी घासायची यावरून.” नवरा अंड्यापर्यंत येऊन थांबलेला माणूस आहे. शिकारी तो असेल असं सगळ्यांना वाटतं, हेही जाता जाता सांगून ठेवते.

शिकवलं शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने. दिवसभर वॉलबी काटेरी झुडपांत दडून असतात, उन्हं कलली की कुरणात उतरतात. आम्ही वाऱ्याच्या उलट बाजूने चढायचं, कुंपणाच्या खांबाला राइफल टेकवायची आणि थांबायचं. माझी राइफल .२२३ मापाच्या गोळीची आहे, दर गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागतो. म्हाताऱ्याचा पहिला धडा नेम धरण्याचा नव्हता. “तिच्या मागे काय आहे ते आधी सांग,” म्हणायचा. मागे नुसतं आकाश असेल तर बार नाही, गोळी डोंगरापलीकडे कुणाच्या अंगणात जाईल. मागे उतार हवा. पहिल्या चार संध्याकाळी मी एकही बार न काढता घरी आले.

आणि मग तुमचा खरा प्रश्न. चाप ओढताना फारसं काही वाटत नाही, खोटं कशाला बोलू. शंभर मीटरवरचा प्राणी दुर्बिणीत असतो, श्वास रोखलेला असतो, मन त्या श्वासात अडकलेलं असतं. वाटतं ते नंतर, जवळ गेल्यावर. मादी असेल तर सगळ्यात आधी पिशवीत हात घालायचा. आत कोमट असतं. हिवाळ्यात बहुतेक माद्यांच्या पिशवीत पिल्लू असतं. कधी अंगठ्याएवढं, बिनकेसाचं, सडाला घट्ट चिकटलेलं, कधी डोळे उघडलेलं. ते घरी आणून वाढवता येत नाही, कायद्याने बंदी आहे. तसंच सोडलं तर थंडीत रात्रभर तडफडेल. म्हणून ते तिथल्या तिथे, एका घावात संपवावं लागतं, आणि ज्याने आईवर बार काढला त्यानेच. माझी नोकरी मरणाऱ्या माणसांजवळ बसायची आहे. तिचा इथे काही उपयोग होत नाही.

म्हणून मी नर शोधते. छाती रुंद, पुढचे हात दणकट, पण संधिप्रकाशात ते नेहमी कळतंच असं नाही. म्हातारा वैतागतो. त्याचं म्हणणं, संख्या कमी करायची असेल तर माद्याच मारायला हव्यात, नर मारून काय होणार? हिशोबाने त्याचंच बरोबर आहे. मी तरी नरच शोधते.

खाते का? इथले बहुतेक लोक खात नाहीत. एका रात्रीत पंधरा-वीस मारतात आणि डोंगरावर तशाच टाकून देतात. वायमाटेत वॉलबीचा पाय प्रसिद्ध आहे (मैद्याच्या पारीत मांस भरून भाजतात तो, चालायचा नव्हे), तरी डोंगरावर कुजतं त्याच्या मानाने ते काहीच नाही. मला ते बघवत नाही, आणि त्याचं कारण कुडाळकडचं आहे. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी वाडी पारधीला जायची, हाकाऱ्यांनाही बार काढणाऱ्याइतकाच वाटा मिळायचा. एकदा मामाने नुसत्या गमतीने कवडा पक्षी पाडला. आजोबांनी तो त्यालाच साफ करायला लावला, त्यालाच शिजवायला लावला आणि त्या रात्री मामाच्या पानात भात आणि तो कवडा, दुसरं काही वाढू दिलं नाही. मामा हे सांगताना अजून तोंड वाकडं करतो.

तेव्हा मी मारते तेवढं उचलून आणते. जास्तीत जास्त दोन. त्याहून अधिक माझ्याच्याने उतारावरून ओढवत नाही. विष टाकलेल्या भागात फाटकावर पाट्या असतात, तिथलं अजिबात घेत नाही. आतडी तिथेच काढते, कातडं घरी. मांस गडद लाल, चरबी जवळजवळ नाहीच, म्हणून पटकन चिवट होतं. म्हातारा पाठीचं मांस तव्यावर आतून गुलाबी ठेवून खातो. मी नाही, या प्राण्यांत टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी सापडतो हे वाचलेली नर्स आहे मी. मागच्या पायांचे तुकडे आलं-लसूण आणि मालवणी मसाला लावून रात्रभर ठेवते, मग कुकरच्या सहा-सात शिट्ट्या, वर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण. शेपटीचं नुसतं सार. विकता येत नाही, म्हणून फ्रीझर भरला की महिना-महिना डोंगरावर जात नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “चव कशी असते गं?”

“सशाच्या जवळची,” मी म्हटलं.

त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “निपाणीला, लग्नाआधी, आमचे अण्णा आणायचे. यांना कुणाला माहीत नाही.” थोडा वेळ गप्प बसल्या. “खोबरं कमी घाल. सशाला खोबरं फार झालं की गोडमिट्ट लागतं.”