हसाकेच्या लग्नातला कीबोर्ड

बर्लिनमध्ये सीरियन संगीतकाराचा कार्यक्रम असला की पोस्टरवर ‘निर्वासित’ हा शब्द बऱ्याचदा त्याच्या नावाच्याही आधी येतो. मग आत शिरण्यापूर्वीच लोकांनी गोष्ट रचलेली असते: बॉम्ब, होडी, छावणी आणि शेवटी युरोपने हातात दिलेला लॅपटॉप. यातला लॅपटॉपचा भाग मला पटत नाही. सीरियात इलेक्ट्रॉनिक संगीत युद्धाच्या कितीतरी आधीपासून होतं. फक्त ते क्लबात नव्हतं, लग्नाच्या मांडवात होतं.

हसाके हा सीरियाचा ईशान्य कोपरा. एका बाजूला तुर्कस्तान, दुसऱ्या बाजूला इराक, मध्ये गहू आणि कापूस. अरब, कुर्द, असिरियन, आर्मेनियन सगळे शेजारी, आणि सगळ्यांच्या लग्नात दबके हवाच. हात धरून ओळीत उभं राहायचं आणि पाय आपटत नाचायचं, तासन्‌तास. पूर्वी त्यासाठी मिजवेझ नावाचा जोडनळीचा पावा वाजायचा. पुढे त्याचा तो चिरका आवाज कीबोर्डवाल्यांनी यंत्रात उतरवला आणि वेगही वाढवला. तिथलाच ओमर सुलेमान लग्नांत गायचा आणि शेजारी रिझान सईद कीबोर्ड झोडपायचा. लग्नातल्या गाण्याची कॅसेट नवराबायकोला भेट जायची, मग बाजारातले कॅसेटवाले तिच्या प्रती काढून विकायचे. अशा त्याच्या शेकडो कॅसेट निघाल्या असं सांगतात.

माझ्या ऑफिसात अलेप्पोचा एक सहकारी आहे. त्याच्यापुढे ओमर सुलेमानचं नाव काढलं की तो नाक मुरडतो. ‘ते काय संगीत आहे का? खेड्यातल्या लग्नात वाजतं ते.’ पुण्याच्या दिवाणखान्यात वरातीतल्या बेंजोविषयी जो सूर लागतो, हुबेहूब तोच. आणि युरोप मात्र याच माणसाला सीरियाचा आवाज मानतो! २०११मध्ये तो इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवात गायला. २०१३मध्ये लंडनच्या फोर टेट या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने त्याचा अल्बम केला आणि त्याच डिसेंबरात ओस्लोला नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफलीत तो उभा राहिला. त्या वर्षीचा पुरस्कार होता रासायनिक अस्त्रांवर बंदी आणणाऱ्या संस्थेला, आणि ती तेव्हा सीरियाचीच अस्त्रं नष्ट करण्याच्या कामात होती. चार महिन्यांपूर्वी दमास्कसजवळच्या घूतामध्ये विषारी वायूने माणसं मेली होती. मंचावर गॉगल लावलेला माणूस नेहमीसारखी प्रेमाची गाणी म्हणत होता. मला यात विसंगती वाटत नाही. लग्नाच्या गायकाने आणखी काय गायचं?

‘सीरियन ओळख’ हे शब्दही हसाकेत जपून वापरावे लागतात. १९६२च्या जनगणनेत त्या प्रांतातल्या सुमारे १,२०,००० कुर्दांचं नागरिकत्व सरकारने काढून घेतलं. पुढे बाथ पक्षाच्या राजवटीत कुर्दी भाषेवर निर्बंध राहिले. लग्नातलं गाणं आणि कॅसेट मात्र एका भाषेत अडकून पडले नाहीत. मार्क गर्गिस या इराकी-अमेरिकन संग्राहकाने १९९७पासून सीरियात फिरून अशा कॅसेट गोळा केल्या. आता त्यांचं ‘सीरियन कॅसेट आर्काइव्ह्ज’ झालं आहे, आणि त्यात अरबी, कुर्दी, असिरियन, आर्मेनियन गाणी शेजारी शेजारी आहेत.

आता यंत्राबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त रस त्यात आहे. अरबी मकामांत, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वरचौकटींत, ‘रास्त’चा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी बसतो, ‘बयाती’चा ऋषभही तसाच. बारा पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे स्वरच नाहीत. हार्मोनियमवरून आपल्याकडे झालेला वाद आठवा. ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये तिला दार बंद केलं होतं आणि डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे २२ श्रुतींची पेटी केली. अरब बाजारासाठी कीबोर्ड कंपन्यांनी वेगळी मॉडेलं काढली. त्यांत बटण दाबलं की एखादा स्वर पाव सूर खाली येतो. लग्नातल्या वादकाचा प्रश्न असा सुटला. लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र अजूनही उघडताक्षणी बारा सुरांची जाळी समोर येते. दमास्कसमध्ये जन्मलेल्या खय्याम अल्लामी या इराकी-ब्रिटिश संगीतकाराने २०२१मध्ये ब्राउझरमध्ये चालणारी दोन मोफत साधनं आणली, लाइमा आणि अपोटोमी. त्यांत आपले सूर आपण लावायचे. कलाकाराच्या ओळखीवरच्या परिसंवादांपेक्षा मला हे काम मोलाचं वाटतं.

अलेप्पोचा सामेर साएम अल-दहर, म्हणजे ‘हॅलो सायकालेप्पो’, याने दुसरी वाट धरली. तरब या श्रोत्याला तल्लीन करणाऱ्या जुन्या अरबी गायकीचे तुकडे घेऊन त्याखाली जड बेस घालायचा. बैरूतमार्गे तो अमेरिकेत पोचला. २०१७चा त्याचा अल्बम पक्ष्यांवर आहे. अलेप्पोच्या ‘कुदूद’ गायकीला युनेस्कोने २०२१मध्ये वारसा-यादीत घेतलं, आणि बर्लिनच्या टेक्नोला जर्मनीने २०२४मध्ये आपल्या राष्ट्रीय वारसा-यादीत. दोन्ही वारसे ऐकत बसलेला एखादा अलेप्पोकर मला बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात सहज भेटतो. सोनेनआले रस्त्यावर फलाफलच्या रांगेत तर हमखास.

सीरियात मागे राहिलेल्यांचं काम आमच्यापर्यंत फार कमी आलं. युद्धाच्या वर्षांत दिवसातले कितीतरी तास वीज नसायची, निर्बंधांमुळे पेपालसारख्या सेवा बंद होत्या, म्हणजे परदेशातल्या श्रोत्याला पैसे द्यायचे असले तरी ते पोचणार कसे? डिसेंबर २०२४मध्ये असद राजवट पडली, २०२५च्या मध्यात अमेरिकेने बहुतेक निर्बंध उठवले. वीज मात्र हुकूम काढून येत नाही.

ऐकायचंच असेल तर रिझान सईदच्या २०१५च्या एकल अल्बमपासून सुरुवात करा. गायक नाही, नुसता कीबोर्ड. हेडफोन नको, स्पीकर लावा. रात्री दहाची मर्यादा इथे बर्लिनमध्येही आहे आणि तिकडे महाराष्ट्रातही, तेवढी सांभाळा.