तिबिलिसीत मेडिकल, रग्बी आणि फॉर्म १०० वरचं माझं नाव

जॉर्जियात मेडिकल करत रग्बी खेळता येते का, असं ज्युनिअर पोरं सारखी विचारतात. येते. मी चौथ्या वर्षाला आहे, तिबिलिसीतल्या एका क्लबकडून विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणाऱ्याच्या जागेवर, खेळतो आणि सगळे विषयही वेळेवर निघतायत. त्रास खेळाचा नाही आणि अभ्यासाचाही नाही, त्रास कागदांचा आहे, त्यातही एकाच कागदाचा, आणि ते प्रकरण मिटलं तरी युनिव्हर्सिटीच्या त्या काउंटरसमोरून जाताना अजून माझं डोकं तापतं.

क्लबमध्ये शिरणं सोपं गेलं. पुण्यात शाळेपासून खेळत होतो, नोंदणी होती, त्यामुळे एका देशाच्या युनियनमधून दुसऱ्या देशात जाताना वर्ल्ड रग्बीच्या नियमाप्रमाणे जो क्लिअरन्स लागतो तो मागवला, तिकडची सही आली, इकडची झाली, विषय संपला. तो येईपर्यंत मॅचला उतरू नका एवढंच.

आणि इथे खेळायला मिळणं ही साधी गोष्ट नाही हो. या देशाने २०२२ मध्ये आधी बातुमीत इटलीला हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला १३-१२ असं हरवलं. शुखुती नावाच्या गावात ईस्टरला अख्खं गाव सोळा किलोच्या आसपासचा चेंडू घेऊन लेलो बुर्ती हा रग्बीसारखाच जुना खेळ खेळतं, रग्बीतल्या ट्रायलाही, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, हे लोक लेलोच म्हणतात. स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून रेटतात त्याची, प्रॅक्टिस तर अशी चालते की आपल्याकडच्या तालमीतली पोरं आठवतात. मी पंच्याहत्तर किलोचा, मला त्यांनी बघताक्षणी विंगला पाठवलं. आता सगळे मला ‘एकिमो’ म्हणून हाक मारतात, म्हणजे डॉक्टर. अजून झालो नाहीये, पण आवडतं.

तर मुद्दा. मागच्या सीझनमध्ये टॅकल करताना उजव्या अंगठ्याचं लिगामेंट गेलं. स्प्लिंट बसला. नेमकी सर्जरी विभागातली पाळी (रोटेशन) चालू होती आणि स्प्लिंट घालून ना नीट स्क्रब करता येत, म्हणजे ऑपरेशनआधी हात धुता येत, ना ग्लोव्ह चढवता येत, त्यामुळे ऑपरेशन थिएटरमध्ये प्रवेश बंद. क्लास बुडले. ते भरून काढायचे तर आजारपणाचा पुरावा म्हणून फॉर्म १०० लागतो. हे इथलं मेडिकल सर्टिफिकेट, त्यावर डायग्नोसिस, डॉक्टरची सही आणि शिक्का. माझा फॉर्म लगेच हातात मिळाला. युनिव्हर्सिटीच्या काउंटरवरच्या बाईंनी तो बघितला, स्क्रीन बघितली, आणि कागद परत सरकवला. नाव जुळत नाही.

आता हे नीट समजून घ्या कारण आपल्या मराठी पोरांना हे हमखास होणार आहे. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. ॲडमिशनच्या वेळी एजंटने पासपोर्टचं जॉर्जियन भाषांतर नोटरीकडून करून घेतलं होतं, मला न विचारता, त्यात वडिलांचं नाव होतं पण युनिव्हर्सिटीच्या सिस्टीममध्ये ते गळलं. हॉस्पिटलने पासपोर्टवरून पूर्ण नाव टाइप केलं. शिवाय जॉर्जियन लिपीत इंग्रजी के साठी दोन अक्षरं आहेत आणि टी साठीही दोन, भाषांतर करणाऱ्याने एक वापरलं, हॉस्पिटलने दुसरं. माझ्या नावात के पण आहे आणि टी पण आहे. म्हणजे कागदोपत्री दोन वेगळी माणसं.

काउंटर म्हणे हॉस्पिटलमधून बदलून आणा. हॉस्पिटल म्हणे आम्ही पासपोर्टप्रमाणे लिहिलंय, पासपोर्ट चुकीचा आहे का? नोटरी म्हणे माझं भाषांतर बरोबर आहे, हवं तर पैसे भरा आणि नवीन करून घ्या. नवीन केलं. ते घेऊन गेलो तर काउंटर म्हणे आमच्या सिस्टीममधलं नाव बदलायला वरून परवानगी लागते, अर्ज करा. अर्ज केला. उत्तर नाही. उद्या या. उद्या गेलो की ज्या बाईंकडे फाइल आहे त्या आज नाहीत. इकडे सर्जरीच्या सरांनी सांगितलं की यादीत नाव आलं नाही तर सेमिस्टर रिपीट.

घरून आईचा फोन यायचा आणि मी ‘हो हो, सगळं ठीक’ म्हणायचो. आपल्यासाठी सेमिस्टर रिपीट म्हणजे नुसती फी नाही. परदेशात शिकून भारतात डॉक्टरी करायची तर एनएमसीचे, म्हणजे भारताच्या नॅशनल मेडिकल कमिशनचे, १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम आहेत, किमान ५४ महिन्यांचा कोर्स, त्यावर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, सगळं एकाच कॉलेजात, आणि परत आल्यावर भारतात अजून १२ महिने इंटर्नशिप. सहा वर्षांचं गणित आधीच घट्ट बसवलेलं असतं. एका अक्षरावरून माझं अर्धं वर्ष जाणार होतं आणि काउंटरवर कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

शेवटी क्लबचा मॅनेजर माझ्याबरोबर हॉस्पिटलला आला. तिथे जुन्या फायली ठेवतात त्या खोलीत एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पासपोर्ट राहू दे, रेसिडेन्स कार्ड आहे का? कार्डावर अकरा अंकी पर्सनल नंबर असतो. त्यांनी तो टाकला, कार्डावरचं जॉर्जियन नाव जसंच्या तसं उतरवलं, फॉर्म पुन्हा काढला, डॉक्टरची सही आणून दिली. तो घेऊन मी काउंटरवर गेलो तर बाईंनी फक्त नंबर टाइप केला, नावाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि शिक्का मारला. बाहेर येऊन मी मॅनेजरला मिठी मारली.

म्हणून सांगतो, कार्ड हातात आलं की त्यावरचं जॉर्जियन स्पेलिंग फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि हॉस्पिटल, क्लब, बँक, युनिव्हर्सिटी सगळीकडे तेच द्या, नंबरसकट. पासपोर्ट पुढे करूच नका. कार्ड यायच्या आधी कुठे नोंदणी झाली असेल तर ती पहिल्या वर्षीच दुरुस्त करून घ्या, तेव्हा कुणाला घाई नसते. एजंट भाषांतर करत असेल तर शेजारी उभं राहा.

हो, आणि इन्शुरन्स. स्टुडंट पॉलिसीत कॉन्टॅक्ट स्पोर्टची दुखापत धरतात का ते खेळायच्या आधी वाचा, माझ्या पॉलिसीत धरत नव्हते, एमआरआयचे पैसे मी भरले. डोक्याला मार लागला तर कितीही बरं वाटलं तरी त्या दिवशी परत उतरायचं नाही, कोच काहीही म्हणो, आपण डॉक्टर होणार आहोत. ‘मार्ज्वनिव’ म्हणजे उजवीकडे आणि ‘मार्त्स्ख्निव’ म्हणजे डावीकडे, हे दोन शब्द पहिल्याच आठवड्यात पाठ करा, मैदानावर कुणी इंग्रजीत ओरडत नाही.

सर्जरीचे बुडलेले सगळे क्लास मी भरून काढले. अंगठा पूर्ण वाकतो. कुणी येणार असेल आणि कागदांबद्दल विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, कोणत्या खिडकीवर काय दाखवायचं ते आता मला पाठ आहे.