उडणाऱ्या तलवारी आणि नागपूरचा प्रेक्षक

परभाषेतला, जुन्या काळातला, देखणा तलवारपट नागपुरात दाखवला की पहिल्या वीस मिनिटांत हॉलमध्ये हशा पिकतो. आयोजक कपाळाला हात लावतात आणि चहाच्या टेबलाशी ठरलेलं वाक्य येतं, ‘आपल्याकडच्या लोकांना असलं काही झेपत नाही.’ मला हे पटत नाही. रविवारी सकाळी ‘महाभारता’त बाण बाणाला हवेत गाठायचे तेव्हा अख्खी धंतोली गप्प बसून बघायची. ‘बाहुबली’त माणसं ताडाच्या झाडांवरून किल्ल्यात फेकली गेली, त्यावर शिट्ट्याच आल्या. उडण्याचं आपल्याला वावडं नाही. हसू येतं त्यातलं निम्मं पडद्यावरच्या सिनेमाला नसतं, तो दाखवण्याच्या पद्धतीला असतं, आणि ते आयोजकाला दुरुस्त करता येतं.

उदाहरणाला चिनी दिग्दर्शक झांग यिमूचा ‘हीरो’ (2002) घेऊ. फिल्म क्लबवाले हमखास तोच निवडतात आणि निवड बरोबर आहे. थिएटरमधली आवृत्ती 99 मिनिटांची. जेट ली, टोनी लेउंग, मॅगी च्युंग, झांग झियी, डॉनी येन. कॅमेरा क्रिस्टोफर डॉइलचा, संगीत टान डुनचं, कपडे एमी वाडाचे. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘रान’ सिनेमातल्या कपड्यांसाठी ऑस्कर मिळालेली तीच ही एमी वाडा. गोष्ट चिन नावाच्या राज्याच्या राजाची. त्याने पुढे इसवी सनपूर्व 221 मध्ये सगळी राज्यं जिंकून चीन एक केला. त्याला मारायला निघालेल्या तिघांना आपण संपवलं, असं सांगत एक अनाम योद्धा दरबारात येतो. तीच हकिगत वेगवेगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा सांगितली जाते: लाल, निळी, पांढरी, मधे आठवणीतली हिरवी.

आता हसू. कान देऊन ऐकलं तर ते तीन जातींचं असतं. पहिलं लगेच येतं, पात्र हवेत तरंगल्याबरोबर. ‘काऊन उडून राह्यले बे हे?’ असं मागच्या रांगेतून येतं आणि आजूबाजूचे पाच-सहा जण हसतात. हे निरुपद्रवी आहे. याला कसं घ्यायचं हे प्रेक्षक एकमेकांना विचारत असतात. त्यांना ‘श्श’ करू नका. कुणी दटावलं नाही तर दुसऱ्या मारामारीपर्यंत ते आपोआप विरतं, आणि दटावलं तर चेव येऊन शेवटपर्यंत टिकतं. दुसरं हसू कुजबुजीतून येतं, निळी गोष्ट सुरू झाल्यावर: ‘पुन्हा तेच चालू केलं का?’ काहींना खरंच वाटतं की ऑपरेटरने फाइल मागे नेली. हे आधी दोन वाक्यं बोलून टाळता येतं. तिसरं वाईट. गंभीर प्रसंगात, कुणी मरत असताना, सगळा हॉल मिळून हसतो. हे आलं की समजावं, यंत्रात काहीतरी चुकलंय.

बहुतेक वेळा चुकलेली गोष्ट एकच असते. हल्ली प्रोजेक्टर नसेल तर मोठा टीव्ही लावतात, आणि टीव्हीत मोशन स्मूदिंग चालू असतं. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, काम एकच: सेकंदाला 24 चित्रांच्या मधे टीव्ही स्वतःची चित्रं घुसवतो आणि हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटला छान दिसतं. तारेवरच्या मारामारीची मात्र वाट लागते. तारेने उचललेल्या माणसाचं वजन कुठे लटकतंय, हे 24 चित्रांच्या किंचित धूसरपणात लपलेलं असतं. तो धूसरपणा काढला की झांग झियी योद्धा दिसत नाही, दोरीला बांधलेली बाई दिसते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला खोटं कळतं आणि तो हसतो. मेनूत जाऊन हे बंद करा. त्याच वेळी ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा. ‘व्हिव्हिड’मध्ये लाल रंग फुटतो. पिवळ्या पानांच्या जंगलात दोघी लाल झग्यांत लढतात, तिथे कापडाच्या घड्याच दिसेनाशा होतात, दोन लाल डाग भांडताना दिसतात.

प्रोजेक्टर असेल तर गणित प्रकाशाचं. हा सिनेमा 2.35:1 असा रुंद आहे. पडदा 12 फूट रुंद आणि 16:9 असला तर त्याची उंची पावणेसात फूट, पण चित्र त्यातलं साधारण 5 फूट 1 इंच. वर-खाली दहा-दहा इंच काळं. म्हणजे प्रोजेक्टरचा जवळजवळ पाव उजेड फुकट जातो. शाळा-कॉलेजातून उसना आणलेला जुना 4:3 प्रोजेक्टर असेल तर 43 टक्के फुकट, आणि 768 ओळींतल्या जेमतेम 436 ओळी चित्राला उरतात. खोक्यावर 3000 ल्युमेन लिहिलेलं असतं ते सगळ्यात भडक मोडचं. सिनेमा मोडमध्ये त्यातलं निम्मं मिळालं तरी नशीब. बारा फुटी पडद्याला तेवढं पुरतं, पण हॉल अंधारा हवा. खिडक्यांना नुसते पडदे लावून दुपारी चारचा शो ठेवला तर राजाचा दरबार गेलाच म्हणून समजा.

आणि दरबार गेला तर सिनेमाच गेला. राजा आणि योद्धा यांच्यामध्ये मेणबत्त्यांच्या रांगा आहेत. योद्ध्याच्या मनातला खुनाचा विचार राजा त्या ज्योतींच्या हलण्यावरून ओळखतो. काळं सैन्य, काळा महाल, काळे कपडे, आणि त्यात त्या ज्योती. काळा रंग राखाडी झाला की ज्योत हलली काय, न हलली काय, कुणाला दिसत नाही, आणि राजाला अचानक सगळं कसं कळलं हे कोडंच राहतं. शो संपल्यावर ‘राजाला कुणी सांगितलं?’ असा प्रश्न आला तर तो पटकथेचा दोष मानू नका, आधी खिडक्या बघा. चाचणीसाठी हाच प्रसंग लावावा. शेवटच्या रांगेत बसून ज्योतीचं टोक वेगळं दिसलं पाहिजे.

सबटायटलचं दुखणं मोठं आहे. पहिला त्रास खुर्च्यांचा. उतरती बैठक असलेल्या नाट्यगृहात काळजी नाही, पण क्लबचे शो बहुधा सपाट फरशीच्या सभागृहात होतात. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सव्वाचार फुटांपर्यंत येतं. पडद्याची खालची कड त्याहून खाली असली की तिसऱ्या रांगेपासून पुढे सबटायटलची खालची ओळ दिसत नाही. मग सगळा हॉल एका लयीत डावीकडे-उजवीकडे माना वाकवतो, आणि दहा मिनिटांनी वाचणंच सोडून देतो. ‘स्टोरी समजली नाही’ असं सांगणाऱ्यांत हे लोक फार असतात. पडदा वर घ्या. छत आडवं येत असेल तर खुर्च्या एकाआड एक सरकवून लावा. तेही जमत नसेल तर सबटायटल चित्राच्या वरच्या भागात न्या. विचित्र दिसतं, पण वाचता येतं.

दुसरा त्रास काळ्या पट्टीचा. काही प्रतींत सबटायटलची एक ओळ चित्रात आणि एक खालच्या काळ्या पट्टीत असते. चित्र मोठं दिसावं म्हणून झूम करून पट्टी पडद्याबाहेर घालवली की दुसरी ओळ भिंतीवर जाते. आधी तपासा.

मराठी सबटायटल स्वतः केले असतील तर फाइल यूटीएफ-8 या अक्षर साठवण्याच्या पद्धतीतच सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. यूटीएफ-8 असूनही टीव्हीच्या यूएसबीला पेन ड्राइव्ह लावला तर देवनागरीची जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. फॉन्ट असतो, पण अक्षरं जोडण्याची अक्कल त्या प्लेयरला नसते. लॅपटॉपवरून दाखवा, किंवा हँडब्रेक या सॉफ्टवेअरने सबटायटल चित्रातच छापून घ्या. एका वेळी दोन ओळी, एका ओळीत सहा-सात शब्द, आणि लहानातली लहान ओळही दीड सेकंद तरी राहू द्या. मारामारीत जे ओरडतात ते सगळं लिहायची गरज नाही. तलवार बघायची की ‘थांब!’ वाचायचं?

वेळ जुळत नसेल तर आधी कुठल्या प्रकारे जुळत नाही ते बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच दोन सेकंदांचा फरक असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये जी आणि एच या कळांनी मागे-पुढे करता येतं. पण फरक हळूहळू वाढत असेल तर चित्रांचा वेग वेगळा आहे. सेकंदाला 23.976 चित्रांसाठीची सबटायटल फाइल आणि 25 चित्रांची पाल पद्धतीची डीव्हीडी अशी जोडी असली तर 99 मिनिटांचा सिनेमा 95 मिनिटांतच संपतो आणि शेवटी सबटायटल चार मिनिटं मागे राहतात. कळा दाबून हे कधीच सुधारत नाही. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट, म्हणजे चित्रांचा वेग, बदलून फाइल नव्याने सेव्ह करायची. आणि आवाज मूळ मँडरिनचाच ठेवा. डब केलेल्या आवाजात राजा तहसीलदारासारखा बोलतो आणि तिसऱ्या जातीचं हसू तिथूनच सुरू होतं.

आवाजावरून आठवलं, नागपुरात कूलरचा विचार केल्याशिवाय शो ठरवू नये. एप्रिल-मेमध्ये सभागृहात चार डेझर्ट कूलर घोंघावत असतात. सुरुवातीला बुद्धिबळाच्या घरात, पागोळ्या गळत असताना, जेट ली आणि डॉनी येन डोळे मिटून मनातल्या मनात लढतात. एक आंधळा म्हातारा तंतुवाद्य वाजवतो, पावसाचे थेंब वेगळे ऐकू येतात. कूलरखाली यातलं काही उरत नाही. लोकांना दिसतात ती दोन माणसं नुसती उभी असलेली, आणि कुणीतरी ‘लढा ना बे’ म्हणतंच. साउंडवाला मग आवाज वाढवतो आणि कोडो या जपानी पथकाचे ढोल आले की काच हलते. लग्नाच्या डीजेची पेटी आणली असेल तर विचारूच नका. लॅपटॉपवरून 5.1, म्हणजे सहा स्पीकरसाठीचा, आवाज दोन स्पीकरवर उतरवताना संवाद बारीक आणि तलवारी मोठ्या होतात, तेही आधी तपासून संवादाच्या बेताने आवाज ठरवा. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच मोसम धरा. डिसेंबरात मात्र हिवाळी अधिवेशनाचे आठवडे सोडा. तेव्हा हॉल मिळणं कठीण, आणि मोर्च्यांमुळे सीताबर्डीवरून वेळेत कोणी पोचत नाही.

परवान्याचं थोडक्यात: डिस्क विकत घेतली म्हणजे जाहीर दाखवायचा हक्क मिळत नाही. हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्या.

सुरुवातीचं बोलणं तीन मिनिटांच्या वर नको. चिनी तलवारकथांत साधना केलेला योद्धा पाण्यावरून चालतो, हा त्या प्रकाराचा करारच आहे, एवढं सांगा. रंग बदलला की सांगणारा किंवा त्याचा हेतू बदलला, हे सांगा. 99 मिनिटं आहेत, मध्यंतर नाही, हेही सांगा. हॉलवाला कँटीनसाठी मध्यंतराचा आग्रह धरत असेल तर लाल गोष्ट संपून राजा ‘हे खोटं आहे’ म्हणतो तिथे थांबवा. आपल्या पटकथाकारांनीही तिथेच ‘इंटरव्हल’ची पाटी टाकली असती.

शेवट ज्यांना माहीत करून घ्यायचा नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

दहा पावलांवर येऊनही योद्धा राजाला सोडतो, कारण हाच माणूस सगळी युद्धं थांबवेल असं त्याला पटतं. इथे हॉल दुभंगतो, आणि हे भांडण यंत्राचं नाही, सिनेमाचं आहे. ते होऊ द्यावं. ‘एवढे बाण झेलले अन् मारलंच नाही?’ हा एक सूर. एकसंध राज्यासाठी एवढं चालतं, हा दुसरा. तिसरा सूर नागपुरात हमखास निघतो आणि मला तोच सगळ्यात धारदार वाटतो: मग अशोकाचं काय? दीक्षाभूमीच्या गावात अशोक विजयादशमी माहीत नसलेला माणूस विरळा. काळही लागूनच आहे. अशोक गेला तो इसवी सनपूर्व 232 च्या सुमारास, आणि ज्या खऱ्या हल्ल्यावर ही कथा बेतली तो जिंग क या मारेकऱ्याचा हल्ला 227 चा. एकाने कलिंगानंतर स्वतःच्या युद्धाबद्दल पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवला. दुसऱ्याने, चिनी परंपरा सांगते त्याप्रमाणे, 213 मध्ये पुस्तकं जाळली. सिनेमा राजाच्या डोळ्यांत पाणी आणतो, पण पुस्तकांबद्दल अवाक्षर काढत नाही. सुलेखनाच्या शाळेवर बाणांचा पाऊस पडतो आणि म्हातारा गुरू विद्यार्थ्यांना अक्षरं गिरवत बसायला सांगतो, तेवढीच काय ती खूण. चर्चा घेणाऱ्याने ‘कसा वाटला?’ विचारू नये, त्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘कुठल्या रंगाची गोष्ट खरी वाटली, आणि का?’ असं विचारा. तर्री-पोहे गार होईपर्यंत लोक उठत नाहीत.

हा शो जमला तर पुढचा म्हणून बरेच जण ‘ब्रदरहूड ऑफ द वुल्फ’ (2001) सुचवतात. क्रिस्तोफ गान्सचा फ्रेंच सिनेमा, 1764 ते 1767 मध्ये जेव्होदाँ भागात खरोखर माणसं मारणाऱ्या श्वापदाच्या कहाणीवर. मारामाऱ्या हाँगकाँगच्या फिलिप क्वोकने बसवल्या आहेत. भर पावसात मार्क डकॅस्कोस काठी फिरवतो तेव्हा फ्रेंच खेड्यात कुंग फू कुठून आलं, असं हसू येणारच, आणि ते पहिल्या जातीचं असतं. पण हा सव्वादोन तासांहून लांब आहे, रक्त बरंच आहे, कुंटणखान्याचे प्रसंग आहेत. निमंत्रणावर ‘फक्त प्रौढांसाठी’ ठळक छापा, मध्यंतर ठेवाच, आणि शो साडेसहाला सुरू करा, नाहीतर चर्चेला चौकीदार किल्ल्या वाजवत उभा राहतो.