बरं नव्हतं

इंग्लंडमधल्या एका सल्लाकेंद्रात मी सरकारी भत्त्यांची प्रकरणं बघते. २९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. बंद व्हायला अर्धा तास उरला होता. एक बाई आत आल्या, माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही मराठी ना?" हातात एक घडी घातलेलं पत्र. ते देताना त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

पत्र त्यांच्या नवऱ्याच्या नावाचं होतं. ८ ऑक्टोबरला सकाळी ९.२० च्या तपासणीला आपण हजर राहिला नाहीत, दिलेलं कारण पुरेसं वाटत नाही, म्हणून आपला भत्ता बंद करण्यात येत आहे. मी आधी तारीख पाहिली. ४ नोव्हेंबर. फेरविचार मागायला निर्णयाच्या तारखेपासून एक महिना मिळतो. पाच दिवस हातात होते, त्यातले दोन शनिवार-रविवार. मुदत उलटल्यावरही अर्ज करता येतो, पण मग उशीर का झाला हेही पटवावं लागतं, आणि या घराला आणखी एक 'का' परवडणारा नव्हता.

हा भत्ता म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांसाठीचं पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, इथे सगळे त्याला पिप म्हणतात. २०१३ साली सुरू झाला. त्याचे दोन भाग, एक रोजच्या व्यवहारांसाठी, दुसरा घराबाहेर जाण्या-येण्यासाठी. या गृहस्थांना पहिल्याचे आठवड्याला ७२.६५ पौंड आणि दुसऱ्याचे ७५.७५ पौंड मिळत होते. पण पिप एकटं बंद होत नाही. त्याच्या पहिल्या भागावर बायकोचा केअरर्स अलाउन्स, म्हणजे काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता, टेकलेला होता, ८१.९० पौंड. तो गेला. दुसऱ्या भागातून भाड्याची गाडी होती, ती परत करण्याचं पत्र आलं. फेरविचार चालू असताना पैसे मिळत नाहीत. एका सकाळी चुकलेल्या तपासणीमुळे आठवड्याला २३०.३० पौंड थांबले होते.

"वहिनी, कारण विचारणारं पत्र आलं असेल ना? त्याला काय उत्तर दिलंत?"

त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. इंग्रजीत दोन ओळी. माझ्या नवऱ्याला बरं नव्हतं. क्षमस्व.

खरं सांगते, वाचून माझंही मन खट्टू झालं. निर्णय घेणाऱ्यासमोर एवढंच असेल तर तो काय लिहिणार? मग लक्षात आलं की हे वाक्य इंग्रजी नव्हतंच. आपल्याकडे 'बरं नव्हतं' यात काय काय मावतं! सर्दी मावते, पाळी मावते, हार्ट अटॅक मावतो, वेड लागलेला भाऊ मावतो. ऐकणाऱ्याला चेहऱ्यावरून कळतं आणि तो पुढे विचारत नाही, हा सभ्यपणा. इंग्रजीत उतरल्यावर त्यातलं सगळं गळून जातं आणि उरते ती सर्दी.

"बरं नव्हतं म्हणजे नेमकं काय झालं होतं?"

"तेच. त्यांचं नेहमीचं."

"म्हणजे?"

पुन्हा दाराकडे नजर. मग ओठ न हलवल्यासारखं, "फिट."

आदल्या रात्री तपासणीच्या काळजीनं नवऱ्याला झोप नव्हती. पहाटे ३.४० ला फिट आली. बाईंनी कुशीवर वळवलं, उशी सरकवली, घड्याळ लावून बसल्या. पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स बोलवायची, असं नर्सनं सांगितलेलं. चार मिनिटांत थांबली. जीभ चावली होती, अंथरूण ओलं झालं होतं. ते बदललं. त्यानंतर ते गाढ झोपले, मध्ये एकदा उठून बायकोलाच "तुम्ही कोण" असं विचारलं आणि परत झोपले. या अवस्थेत माणसाला हलवून गाडीत कोंबायचं आणि तपासणीला न्यायचं, हे त्यांना सुचलं नाही याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो.

त्यांनी सगळं अचूक केलं होतं, आणि म्हणूनच त्या रात्रीचा एकही कागद नव्हता. ॲम्ब्युलन्स नाही, हॉस्पिटल नाही, डॉक्टरची नोंद नाही.

"फोन केला होता का?"

केला होता. ८.५२ ला. मोबाइलच्या बिलात तो सापडला, ४१ मिनिटं, बहुतेक वेळ नुसतं संगीत. मग कट. दुसरा फोन लागला तेव्हा तपासणीची वेळ टळून गेली होती.

"आणि फिट किती वेळा येते?"

"मोजत नाही ताई. नुसता ठिपका देते."

"कुठे?"

"कालनिर्णयवर."

त्यांनी मुलाला फोन लावून स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो मागवले. एकामागून एक जानेवारी ते नोव्हेंबर माझ्या संगणकावर उतरले. एकादशी, संकष्टी, आणि त्यांच्या खाली बारीक लाल ठिपके. ठिपक्याशेजारी पेन्सिलीनं वेळ. कुठे २.१५, कुठे ११.३०. मार्चमध्ये चार, गणपतीच्या आठवड्यात दोन. आठ ऑक्टोबरच्या चौकोनात ठिपका, ३.४०.

"शब्द का नाही लिहिलात?"

"उन्हाळ्यात सासूबाई येतात. त्यांना माहीत नाही. विचारलं की सांगते, मीटरचं रीडिंग दिलं ती तारीख."

पिपच्या नियमावलीतला नववा नियम म्हणतो की योग्य कारणाशिवाय तपासणी चुकवली तर निर्णय विरोधात जाईल. लगेच खालचा दहावा नियम म्हणतो की कारण योग्य आहे का हे ठरवताना त्या वेळची प्रकृती आणि अपंगत्वाचं स्वरूप विचारात घ्यायलाच हवं. ज्या आजारासाठी भत्ता आहे त्याच आजारानं माणूस त्या दिवशी आडवा झाला होता. मी तसं लिहायला घेतलं. पहाटे ३.४०, चार मिनिटं, जीभ, अंथरूण, "तुम्ही कोण". बाई स्क्रीनकडे बघत होत्या. इंग्रजी त्यांना कळत होतं.

"अंथरुणाचं लिहायलाच हवं का?"

मी हात थांबवला. लिहिलं नाही तर केस पडेल असं नव्हतं, पण पुन्हा 'बरं नव्हतं'कडे घसरण्याची ती पहिली पायरी होती, आणि हे ठरवण्याचा हक्क माझा नव्हता. तसाही सहीचा अधिकार नवऱ्याचा. "ते कुठे आहेत?"

"बाहेर. गाडीत."

पाऊस होता. मी कागद पिशवीत घालून गेले. ते पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. अकरा वर्षं त्यांनी इथे बस चालवली होती. पहिल्या फिटनंतर बसचं लायसन्स गेलं. ते परत मिळायला दहा वर्षं फिट येता कामा नये, तीही औषधाशिवाय. मी सगळं पत्र त्यांना मराठीत वाचून दाखवलं, अंथरुणासकट. वहिनी छत्री धरून उभ्या होत्या आणि दुसरीकडे बघत होत्या.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एवढं होतं?"

वहिनी काही बोलल्या नाहीत.

"लिहा ताई. मला तर काही आठवत नसतं. बघावं लागतं ते हिला." आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

त्याच संध्याकाळी फोनवर फेरविचाराची नोंद केली. सोमवारी एपिलेप्सीच्या नर्सनं फिटनंतरच्या गुंगीबद्दल पत्र दिलं. ते, फोनचं बिल आणि कॅलेंडरची अकरा पानं पोच घेऊन पाठवली. पहिल्या पानावर मी इंग्रजीत लिहिलं, 'लाल ठिपका म्हणजे फिट'.

जानेवारीच्या शेवटी उत्तर आलं, कारण मान्य. थकलेले पैसे आले. केअरर्स अलाउन्ससाठी वेगळा पाठपुरावा करावा लागला. गाडी मात्र डिसेंबरातच परत गेली होती आणि तिच्यावाचून तो हिवाळा त्यांनी बसनं काढला, त्यांच्याच जुन्या मार्गाच्या बसनं.

फेब्रुवारीत नवी तपासणी झाली, या वेळी फोनवर. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. भिंतीवर नवं कालनिर्णय होतं आणि त्याच्या मागे, त्याच खिळ्याला, जुनंही. पलीकडच्या बाईंनी विचारलं, फिट साधारण किती वेळा येतात? त्यांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी उठल्या, खिळ्यावरून जुनं कॅलेंडर काढलं, टेबलावर पसरलं, आणि जानेवारीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.