कॅरिबियन ते पॅसिफिक पायी: कोस्टा रिकाची 'एल कामिनो' वाट

कोस्टा रिका हा चिंचोळा देश आहे. पूर्वेला कॅरिबियन समुद्र, पश्चिमेला पॅसिफिक महासागर आणि मध्ये तालामांकाची डोंगररांग. पूर्व किनाऱ्यावरच्या पारिस्मिनाहून निघून पश्चिमेच्या केपोसला पोचणारी 280 किलोमीटरची एक पायवाट आखली आहे, तिचं नाव 'एल कामिनो दे कोस्टा रिका'. 'मार आ मार' ही ना-नफा संस्था तिचं काम पाहते. वाटेचे सोळा टप्पे आहेत, आणि रोज एक टप्पा हा साधारण हिशोब.

रेनफॉरेस्टमधला ट्रेक म्हटलं की सोळाही दिवस दाट जंगल असेल असं वाटतं. तसं नाही. बरीचशी वाट खडीच्या गावरस्त्यांवरून, केळीच्या बागांमधून, उसातून आणि कॉफीच्या मळ्यांतून जाते. खरं घनदाट अरण्य लागतं ते बार्बिया राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेल्या नाइरी-आवारी या काबेकार आदिवासींच्या प्रदेशात, आणि पुढे तापांती राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास. नुसतं जंगलच पाहायचं असेल तर कोस्टा रिकात याहून सोप्या जागा पुष्कळ आहेत. या वाटेचं मोल वेगळं आहे. पर्यटकांच्या बसेस जिथे कधी थांबत नाहीत अशा गावांमधून ती जाते, आणि रात्रीचं अंथरूण, जेवण, वाटाड्या हे सगळं त्याच गावातल्या कुणाकडून तरी घ्यावं लागतं. त्यामुळे टूर ठरवताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हाच: मुक्काम गावातल्या घरी आहे, की संध्याकाळी गाडीत घालून शहरातल्या हॉटेलात नेणार? दुसरं उत्तर आलं तर ती टूर घेऊ नये.

कधी जायचं हे ठरवणं जरा अवघड आहे, कारण दोन्ही किनाऱ्यांचा पाऊस वेगळा. पॅसिफिकच्या बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने, आणि ऑक्टोबर सगळ्यांत वाईट. कॅरिबियनच्या बाजूला मात्र कोरडा ऋतू असा नसतोच. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड वारे आले की तिथे सलग पाऊस लागतो आणि नद्यांना पूर येतात. दोन्हीकडचं जमवायचं तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ बरा. तेव्हाही पहिल्या पाच दिवसांत भिजायची तयारी ठेवावीच.

सुरुवातीला पोचण्यातच एक दिवस जातो. राजधानी सान होसेहून बसने सिकिरेस, तिथून कान्यो ब्लांकोचा धक्का, आणि मग होडीने पारिस्मिना. पारिस्मिनाला रस्ता नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालवा, आणि मधल्या वाळूच्या पट्ट्यावर गाव. सान होसे-सिकिरेस हा 32 क्रमांकाचा रस्ता ब्राउलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून जातो, आणि जोराचा पाऊस झाला की दरड कोसळून तो बंद होतो. म्हणून ट्रेक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी निघावं. हातात वेळ उरला तर तो पारिस्मिनात सार्थकी लागतो. मार्च ते जून या काळात इथे लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, आणि गावातल्या वाटाड्यासोबत रात्री किनाऱ्यावर जाता येतं. पांढरा टॉर्च, मोबाइल, कॅमेरा काहीही चालत नाही. उजेडाने कासव बिचकून पाण्यात परत जातं.

एटीएम शेवटचं सिकिरेसला. पुढे कित्येक दिवस रोख रक्कम लागते, तीही सुट्टी. एक, दोन आणि पाच हजार कोलोनच्या नोटा बऱ्याच ठेवाव्यात. वीस हजारांची नोट डोंगरातल्या घरी कुणी मोडून देऊ शकत नाही.

चालणं सुरू होतं ते कालव्याकाठच्या गोशेन धक्क्यापासून. पहिले दोन दिवस सपाट आहेत, पण सोपे नाहीत. चढ नाही म्हणून लोक निवांत आठ वाजता निघतात. नऊ वाजेपर्यंत ऊन डोक्यावर येतं, हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. बागांमधल्या रस्त्यावर सलग सावली कुठेच मिळत नाही. दुपारी डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि पुढच्या दिवशीचा जोर निघून जातो. उपाय साधा आहे. साडेपाचला उजाडायच्या सुमारास निघायचं, अकरापर्यंत दोन तृतीयांश अंतर संपवायचं, दिवसाला किमान चार लिटर पाणी प्यायचं आणि त्यातल्या दोन लिटरमध्ये ओआरएस घालायचं. भारतातून ओआरएसची पाकिटं घेऊन जा. वजन काही नाही आणि वाटेवरच्या दुकानात ती मिळतीलच असं नाही. बागेतल्या ओढ्याचं पाणी गाळून किंवा क्लोरीन टाकूनही पिऊ नये. केळी-अननसावर फवारलेली औषधं त्याने निघत नाहीत. पाणी घरातल्या नळाचंच भरायचं.

ब्रिसास दे पाकुआरितोहून वाट जंगलात शिरते. इथून त्सिओबातापर्यंत आणि पुढे त्रेस एकिसपर्यंत स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि गाडी जात नसल्याने सामान स्वतःच्या पाठीवर. इतर टप्प्यांवर आयोजक मोठी बॅग गाडीने पुढे पाठवतात, इथे ती सोय नाही. म्हणून या दोन दिवसांची सॅक वेगळी भरायची, सहा ते आठ किलोची. बाहेरून घालायच्या रेन कव्हरचा इथे उपयोग होत नाही. पाणी पाठीकडून झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधायचं, आणि कोरडे कपडे त्यात आणखी एका पिशवीत.

चिखल हा इथला खरा विषय. लाल, चिकट, कधी घोट्यापर्यंत तर कधी पोटरीपर्यंत. वाटाड्याच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असतात, आणि ते उगीच नाही. सवय असेल तर तेच सर्वांत चांगले. सान होसेत किंवा सिकिरेसला स्वस्त मिळतात. पण नवे रबरी बूट घालून वीस किलोमीटर चालणं म्हणजे फोडांना आमंत्रण, तेव्हा आधी घरी महिनाभर वापरून पाहावेत. नाहीतर जाळीचे, पाणी झटकन निघून जाणारे ट्रेल शूज. वॉटरप्रूफ बूट मात्र नकोत. ओढा ओलांडताना वरून पाणी आत शिरतं आणि त्याच अस्तरामुळे बाहेर पडत नाही. दिवसभर पाय ओले राहिले की तळव्याची कातडी पांढरी पडून सुरकुतते, मग सोलते. त्यासाठी सकाळी तळव्यांना व्हॅसलीन चोळायचं, मुक्कामाला पोचल्यावर पाय धुऊन पुसून किमान सात-आठ तास पूर्ण कोरडे ठेवायचे. मोज्यांचे तीन जोड: दोन चालायला, एक फक्त झोपताना. तो तिसरा जोड कितीही मोह झाला तरी चालताना घालायचा नाही.

चढावर हात टेकायला झाड धरण्याची आपली सह्याद्रीतली सवय इथे सोडावी लागते. अनेक ताडांच्या खोडांवर सुईसारखे काटे असतात, आणि कुठल्या खोडावरून बुलेट मुंगी चालली असेल सांगता येत नाही. तिचा डंख चोवीस तास ठणकतो. दोन काठ्या घ्या आणि हात काठीवरच ठेवा. जळवा मात्र नाहीत.

साप आहेत. इथला धोकादायक साप म्हणजे तेर्सिओपेलो, आपल्या घोणसासारखाच पाचोळ्यात दिसेनासा होणारा. वाटाड्या पुढे चालतो आणि त्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं ते याच कारणाने. आडवं पडलेलं लाकूड ओलांडताना त्यावर आधी चढून पलीकडे पाहायचं, मग पाय टाकायचा. अंधार पडल्यावर चालायचं नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करू नये. अंगठ्या-घड्याळ काढून, माणसाला शांत ठेवून, शक्य तितक्या लवकर दवाखान्याकडे. कोस्टा रिका विद्यापीठाची क्लोदोमिरो पिकादो संस्था 1970 पासून सर्पविषावर काम करते, आणि तिथे बनणारी प्रतिविषाची लस देशातल्या सरकारी रुग्णालयांत असते. अडचण असते ती रुग्णालयापर्यंत पोचण्याची. या जंगलात मोबाइलला रेंज नाही. वाटाड्याकडे रेडिओ किंवा सॅटेलाइट उपकरण आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

नद्या-ओढे बरेच ओलांडावे लागतात. वर डोंगरात पाऊस झाला तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी वाढतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या की वाटाड्या सगळ्यांना थांबवतो. तो थांबला की थांबायचं. लहान नद्यांचं पाणी दोन-तीन तासांत उतरतं. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, बूट काढायचे नाहीत, तोंड प्रवाहाकडे करायचं, काठी पुढे रोवून एका वेळी एकच पाय हलवायचा. वेगाच्या पाण्यात गुडघा ही मर्यादा. त्यावर पाणी असेल तर वाट पाहायची किंवा दुसरी जागा शोधायची.

त्सिओबाता हे गाव म्हणावं तर घरं एकमेकांपासून लांब, डोंगरउतारावर विखुरलेली. काबेकार लोकांची राहण्याची पद्धतच ही आहे. घरात काबेकार बोलतात, स्पॅनिश नंतर येते. कूळ आईकडून चालतं. 1977 च्या आदिवासी कायद्याने ही जमीन बाहेरच्या कुणाला विकता येत नाही, आणि म्हणून इथे आपण कायमच पाहुणे असतो. मुक्काम साधा: लाकडी जमीन, वर छप्पर, गादी असली तर पातळ. वीज धरून चालू नये. जेवणात भात, घेवडा, उकडलेलं हिरवं केळं. सगळ्यात लक्षात राहतो तो कोको. भाजलेल्या बिया दगडावर दगड फिरवून वाटतात. आधी भरड भुगा होतो, मग त्यातलंच तेल सुटून काळी चकचकीत लापशी तयार होते. गरम पाण्यात ती ढवळून देतात, साखर नाही, दूध नाही. काबेकार आणि त्यांच्या शेजारच्या ब्रिब्री आदिवासींच्या परंपरेत कोको हे पवित्र झाड, त्याचं लाकूड जाळत नाहीत. आणि सिबो या निर्मात्याने माणसं मक्याच्या दाण्यांपासून घडवली असं मानतात. हे सगळं घरातली माणसं सांगतात, पण विचारलं आणि निवांत ऐकून घेतलं तर. आल्या आल्या मोबाइल रोखला तर ती गप्प होतात. फोटो विचारून, मुलांना चॉकलेट-पैसे नाहीत, घराच्या आत बोलावल्याशिवाय नाही. द्यायचंच असेल तर विणलेली टोपली विकत घ्या, सांगितलेल्या किमतीत.

त्रेस एकिसपासून पुन्हा रस्ता, दुकानं आणि रेंज. पाकुआरे नदीच्या खोऱ्यातून वर येणारा चढ दमवतो, त्यानंतरचे पाकायितास, पेहिबाये, एल उमो हे टप्पे त्या मानाने सरळ. उसाचा मुलूख आहे. इथे गुऱ्हाळं आहेत, गुळाच्या ढेपा बनतात आणि गरम पाण्यात गूळ विरघळवून 'आग्वा दुल्से' म्हणून पितात. थकलेल्या मराठी माणसाला यापरतं काय हवं! पेहिबाये नावाच्या ताडाची उकडलेली केशरी फळंही इथलीच; पिठूळ, पोटभरीची. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत. सकाळी गायो पिंतो म्हणजे परतलेला भात-घेवडा, दुपारी कासादो नावाची थाळी. फक्त मांस नको म्हटल्यावर चिकन किंवा टूना पानात येऊ शकतं, म्हणून कोंबडी, मासे, टूना ही नावं घेऊन नको म्हणायचं.

ओरोसीला एक दिवस विश्रांती घ्यावीच. ट्रेकचा निम्मा भाग झालेला असतो, गरम पाण्याचे झरे आहेत, कपडे वाळतात. अठराव्या शतकातलं मातीच्या भिंतींचं चर्च आजही वापरात आहे. शेजारच्या तापांतीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा विश्रांतीच्या दिवशीही छत्री हवी.

पुढे वाट 2300 मीटरच्या आसपास चढते. रात्री तापमान दहा अंशांपर्यंत खाली येतं, आणि पहिल्या दिवसांच्या उकाड्यानंतर हे लोकांच्या ध्यानात नसतं. एक पातळ फ्लीस आणि टोपी मोठ्या बॅगेत ठेवावी. मग येतो लोस सांतोसचा कॉफीचा पट्टा, सान पाब्लो दे लेओन कोर्तेस. डिसेंबर ते मार्च इथे तोडणी चालते. कमरेला बांधलेली टोपली, उभ्या उतारावर एका पायाचा आधार, आणि फक्त लाल फळं तोडायची. माप वीस लिटरचं, त्याला काहुएला म्हणतात, आणि मजुरी दर काहुएलामागे. तोडणाऱ्यांत पनामाहून सहकुटुंब आलेले नोबे आदिवासी मोठ्या संख्येने असतात. मळ्यात थांबून पाहायचं असेल तर मालकाला आणि तोडणाऱ्याला, दोघांनाही विचारा.

शेवटचे तीन टप्पे, नापोलेस, एस्किपुलास आणि केपोस, जवळजवळ सगळा उतार. सैल खडीवर गुडघे आणि अंगठ्याची नखं जातात. नखं आधीच कापा, बुटाची नाडी घोट्याकडे घट्ट आणि बोटांकडे सैल बांधा, काठ्या दहा सेंटीमीटरने लांब करा. उकाडा परत येतो, तेलताडाच्या ओळी सुरू होतात आणि त्यांच्या पलीकडे केपोस.

भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकाला व्हिसा लागतो. वैध अमेरिकन व्हिसा असणाऱ्यांना काही अटींवर सूट मिळते, पण नियम बदलतात, म्हणून तिकिटाआधी नवी दिल्लीच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. कोलंबिया किंवा ब्राझीलमार्गे येत असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र जवळ हवं. मोबाइलसाठी स्थानिक कोल्बीचं सिम घ्या, डोंगरात त्याचीच रेंज त्यातल्या त्यात बरी. आणि केपोसहून शेजारचं मान्युएल आंतोनिओ राष्ट्रीय उद्यान पाहायचं असेल तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा. मंगळवारी ते बंद असतं.