मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सुजला तर

सकाळी धुरकट आणि दुपारी जरा स्वच्छ दिसत असेल, तर संशय कॉर्नियाच्या सुजेचा घ्यावा. झोपेत पापण्या मिटल्याने बाष्पीभवन थांबतं, पाणी साचतं. आधी डोळ्याचा दाब मोजा. मग पॅकिमेट्री, म्हणजे कॉर्नियाची जाडी मोजणं; सामान्य जाडी साधारण ५४० मायक्रॉन. सूज एकाच भागात, ठळक सीमेची असेल तर कॉर्नियाच्या आतल्या बाजूचा पातळ डेसमेट पडदा सुटलाय का, हे ओसीटीवर (प्रकाशाने थर दाखवणाऱ्या स्कॅनवर) पाहा. मोठा भाग सुटला असेल तर आत हवा किंवा वायू भरून तो चिकटवतात. नाहीतर स्टेरॉइडसोबत ५ टक्के सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) थेंब, दिवसातून ४ वेळा. (झोंबतात, म्हणून लोक परस्पर बंद करतात!) ३ महिन्यांतही सूज ओसरली नाही तर एंडोथेलियमचं (कॉर्नियातलं पाणी बाहेर काढणाऱ्या सर्वात आतल्या पेशीथराचं) रोपण. राधानगरी-गडहिंग्लजकडच्यांनी महिनाभर उसाच्या फडात जाऊच नये: पाला डोळ्याला लागला की बुरशीची जखम होते, आणि त्यात स्टेरॉइड घातक.