साठ दिवस आधी

रविवारी इथे इंदूरला चर्चच्या उपासनेत कवी ना. वा. टिळकांचं भजन झालं. आमच्या पेटीची एक पट्टी दाबली की खालीच राहते. आत्या ती नखानं उचलते आणि सूर सोडत नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, अभंगाची चाल मात्र टाकली नाही. मला ते फार जवळचे वाटतात.

आमच्या मध्य प्रदेशात २०२१ च्या कायद्यात लिहिलंय, धर्म बदलायचा तर ६० दिवस आधी कलेक्टरला कळवा. देवाशी बोलायला कलेक्टर कशाला? आणि हे मी शेजारच्या हिंदू, मुसलमान बायकांसाठीही म्हणते. पाळकांना म्हटलं, प्रार्थनेत हे मागा. ते गप्प. आत्याच उभी राहिली, मोठ्यानं मागितलं.